पडत्या काळातला आश्रय



आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मला फोनवर विचारलं, ‘मंदी आली की कलेला कोण विचारतो?’ प्रश्न खरा आहे. घरखर्चाला कात्री लागते तेव्हा आधी नाटकाचं तिकीट जातं, मग मासिकाची वर्गणी जाते, मग मुलीचा गाण्याचा क्लास बंद होतो. कारखानदाराच्या हिशेबातही हाच क्रम असतो आणि सरकारच्या अंदाजपत्रकातही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण या क्रमाचे परिणाम काय होतात, हे आपण कधी नीट बसून पाहिलेलं नाही. ते आज पाहावं, असं मला वाटतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. पडत्या काळात कलेला पैसा मिळतो की नाही, याहून तो कशावर खर्च होतो हा प्रश्न मोठा आहे. माणसांच्या पगारावर, आधी शब्द देऊन, नियमाने खर्च झाला, तर थोडक्या पैशातही कला तगते. इमारतीवर, महोत्सवावर, सत्कारावर किंवा एकदाच वाटलेल्या शिध्यावर गेला, तर देणाऱ्याला समाधान मिळतं आणि ज्यांच्या हातात ती कला असते ते हात दुसऱ्या कामाला लागतात. एकदा गेलेले हात सहसा परत येत नाहीत.

यासाठी एकाच दशकातल्या दोन ठिकाणांकडे पाहू. दशक १९३० ते १९४०. पहिलं ठिकाण अमेरिका.

१९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर चार वर्षांत अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. तिथली संग्रहालयं, वाद्यवृंद, ऑपेरा मुख्यतः श्रीमंतांच्या देणग्यांवर चालत आणि श्रीमंतांचेच शेअर मातीमोल झाले होते. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा काही धनाढ्य घराण्यांच्या मालकीचं होतं आणि रंगमंदिरातल्या खास सज्जांचा हक्कही त्यांच्याकडे होता. मंदीत या घराण्यांनी हात आखडला. १९३३ मध्ये लुक्रेझिया बोरी या गायिकेने पुढाकार घेऊन निधी गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा तिला हात दिला तो ऑपेराचं घर कधी आतून न पाहिलेल्या श्रोत्यांनीही. १९३१ च्या डिसेंबरपासून ऑपेराचे प्रयोग रेडिओवर ऐकू येऊ लागले होते. ऐकणाऱ्यांनी डॉलर-दोन डॉलर धाडले. मोठा दाता बाजाराबरोबर पडतो, पण हजार लहान दाते एकाच दिवशी पडत नाहीत, एवढं या प्रसंगातून लक्षात ठेवू.

पण ऑपेरा ही एक संस्था झाली. हजारो चित्रकार, नट, वादक, लेखक कुठल्याच संस्थेच्या छपराखाली नव्हते. मे १९३३ मध्ये जॉर्ज बिडल नावाच्या चित्रकाराने आपल्या जुन्या शाळासोबत्याला पत्र लिहिलं. हा सोबती म्हणजे नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट. मेक्सिकोत सरकारने तरुण चित्रकारांना प्लंबरच्या मजुरीवर सार्वजनिक इमारतींच्या भिंती रंगवायला दिल्या आणि त्यातून त्या देशाची नवी चित्रकला उभी राहिली, असं बिडल यांनी कळवलं. मला या पत्रातला ‘मजुरी’ हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. बिडल यांनी पुरस्कार मागितला नाही, चित्रं विकत घ्या असंही म्हटलं नाही. कामाचे पैसे द्या, एवढंच म्हटलं.

त्याच डिसेंबरात एक छोटी योजना सुरू झाली आणि सहा-सात महिने चालली. तेवढ्यात सुमारे ३,७५० चित्रकार-शिल्पकारांना काम मिळालं आणि १५ हजारांहून अधिक कलाकृती तयार झाल्या. १९३५ मध्ये तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. सार्वजनिक कामांची जी प्रचंड योजना हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे होती, ज्यातून रस्ते, पूल, शाळा बांधल्या जात होत्या, तिच्यातच कलांचा विभाग उघडला. चित्रकला, संगीत, नाटक, लेखन आणि जुन्या दफ्तरांची पाहणी असे त्याचे पाच भाग होते. रस्त्यावर खडी टाकणाऱ्याला आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याला एकाच खात्यातून पगार का, असं लोकांनी विचारलं. कलावंतांनाही इतरांसारखंच जेवावं लागतं, असं हॉपकिन्स यांचं उत्तर होतं. भर काळात या विभागात सुमारे ४० हजार माणसं काम करत होती.

न्यूयॉर्कमध्ये आठवड्याचा पगार होता २३ डॉलर ८६ सेंट. त्यात चैन होत नसे, पण खोलीचं भाडं आणि जेवण भागे. हा पगार मिळवायला आधी आपण निर्धन आहोत हे मदतकार्यालयात सिद्ध करावं लागे. मानी नटांना ते जड गेलं, आणि तो त्या योजनेचा दोषच होता. मात्र खर्चाचा फार मोठा वाटा पगारातच जावा, नेपथ्य-कपडे-जाहिरातीवर अगदी थोडा, हा दंडक फळला. पैसा सामानात अडकला नाही, माणसांकडे गेला. या पगारावर त्या वेळी जे अनोळखी तरुण जगत होते त्यांत जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथको आणि ली क्रॅस्नर होते. लेखकांच्या यादीत राल्फ एलिसन, रिचर्ड राइट आणि झोरा नील हर्स्टन होत्या. ही नावं पुढे मोठी होणार, हे पगारपत्रकावर सही करणाऱ्या कारकुनाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

मोठ्या नावांपेक्षा मला त्या योजनेतलं बारीकसारीक काम अधिक ओढून घेतं. जाहिरातींसाठी चित्रं काढणारे कितीतरी हात रिकामे झाले होते. त्यांना एक काम दिलं गेलं. देशभरातल्या जुन्या गोधड्या, लाकडी खेळणी, मातीची भांडी, हवेची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे यांची हुबेहूब जलरंग चित्रं काढायची. विणीचा धागा न् धागा दिसला पाहिजे, अशी शिस्त होती. अशी सुमारे १८ हजार चित्रं जमली आणि ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. दुसरीकडे बेकार लेखक आणि शिक्षक दक्षिणेतल्या खेड्यांत जाऊन अशा म्हाताऱ्या माणसांसमोर बसले, ज्यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता. त्यांची हकिगत त्यांच्याच बोलीत उतरवून घेतली. १९३६ ते १९३८ या काळात अशा २,३०० हून अधिक मुलाखती झाल्या. विचारणारे बहुतेक गोरे होते, तेव्हा म्हाताऱ्यांनी मोकळेपणाने किती सांगितलं असेल हा प्रश्न उरतोच. तरीही आणखी दहा वर्षं कुणी गेलं नसतं तर सांगायला कोण उरलं असतं? मंदीने लेखकांना बेकार केलं नसतं, तर हे काम बहुधा झालंच नसतं.

नाटक विभागाच्या प्रमुख होत्या हॅली फ्लॅनगन. नाटकं स्वस्तात किंवा फुकट दाखवायची, शाळांत, इस्पितळांत, बागांत जायचं, असा त्यांचा आग्रह. एप्रिल १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सगळ्या कृष्णवर्णीय नटांनी ‘मॅकबेथ’ केलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा वीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिंक्लेअर लुइस यांचं हुकूमशाहीविषयीचं नाटक एकाच रात्री देशभरात वीसहून अधिक रंगमंदिरांत लागलं. त्यात यिडिश आणि स्पॅनिश भाषांतले प्रयोगही होते. ‘जिवंत वृत्तपत्र’ नावाचा प्रकार याच विभागाने रुजवला. शेतमालाचे भाव, वीजकंपन्या, गरिबांची घरं असे वर्तमानपत्री विषय पन्नास-साठ नटांच्या ताफ्याने मंचावर आणायचे. खाजगी निर्मात्याला एवढ्या नटांचा पगार कधीच परवडला नसता. इथे माणसांना काम देणं हाच हेतू होता, म्हणून माणसं भरपूर होती आणि त्यातून नाटकाला नवा आकार मिळाला.

हे सगळं चार वर्षं टिकलं. १९३८ मध्ये संसदेच्या एका समितीपुढे फ्लॅनगनबाईंची साक्ष झाली. त्यांच्या एका लेखात ख्रिस्तोफर मार्लो यांचा उल्लेख होता. हा मार्लो कम्युनिस्ट आहे का, असं एका सभासदाने विचारलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा नाटककार तो. ३० जून १९३९ ला संसदेने नाटक विभागाचा पैसा थांबवला आणि एका दिवसात हजारो माणसं पुन्हा रस्त्यावर आली. सरकार एकटाच आश्रयदाता असला की असं होतं. त्याच्या हातात पगार असतो आणि तो थांबवण्याचा अधिकारही त्याच हातात असतो.

आता दुसरं ठिकाण, आपलं.

१९३० च्या आसपास मराठी संगीत रंगभूमी ही कुणाच्या देणगीवर चालणारी गोष्ट नव्हती. ती तिकिटावर चालत होती, आणि याचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही. ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. नाटक कंपन्याच देशकार्याला देणगी देत होत्या. पण तिकिटावर चालणाऱ्या या धंद्याला गंगाजळी नव्हती. एकेका कंपनीचं बिऱ्हाड मोठं. नट, साथीदार, आचारी, कपडेपटवाले, पडदे रंगवणारे, सुतार आणि यांतल्या कित्येकांच्या बायकामुलांची पंगत रोज उठायची. प्रयोग असो वा नसो, चूल पेटलीच पाहिजे. पावसाळ्याच्या मुक्कामाला पैसा लागे तो सावकाराकडून येई, आणि सावकाराचं फिटे ते वऱ्हाड-खानदेशच्या दौऱ्यांवर. कापूस विकून हाती पैसा आलेला शेतकरी आणि अडत्या नाटकाला गर्दी करत.

जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडातला पैसा आटला आणि नेमका त्याच वेळी बोलपट आला. ‘आलम आरा’ १९३१ च्या मार्चमध्ये, पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये. बोलपट स्वस्त होता, रोज तीन खेळ होत होते आणि त्याला बिऱ्हाड लागत नव्हतं. थिएटरमालकांनी एकामागून एक पडदे लावले. आपण नेहमी म्हणतो की बोलपटाने नाटक मारलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. दोन वर्षं दम धरायला पैसा असता तर नाटक बदललं असतं, आखडलं असतं, पण मोडलं नसतं. कर्जबाजारी धंद्याला बदलायला सवड मिळत नाही.

मग काय झालं? गोविंदराव टेंबे आणि मास्टर कृष्णराव प्रभात या चित्रपट कंपनीकडे गेले. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त काम केलं. दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने स्वतःच चित्रपट काढला आणि त्यात हात पोळून घेतले. बापूराव पेंढारकर १९३७ मध्ये गेले आणि त्यांची ललितकलादर्श ही नाटक कंपनी थांबली, ती पुढे त्यांच्या मुलाने, भालचंद्र पेंढारकरांनी, पुन्हा उभी करेपर्यंत. मोठ्या माणसांना कुठे ना कुठे जागा मिळाली. पण ऑर्गनवर बसणारा, पडद्यावर महालाची कमान अशी रंगवणारा की शेवटच्या रांगेतून ती खोल दिसावी, पात्राच्या अडखळण्यावरून कुठलं वाक्य सांगायचं हे ओळखणारा प्रॉम्प्टर, यांचं काय झालं? त्यांची नावं आपल्या नाट्यकोशांत फारशी सापडत नाहीत. त्यांनी कुणाला काय शिकवलं असतं, हेही आता कळायला मार्ग नाही. अमेरिकेत हाच थर सरकारी पगारपत्रकावर होता, म्हणून त्याची नावं तरी उरली.

आपल्याकडे कलावंताला पगार देण्याची रीतच नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. बडोद्याच्या संस्थानात कलावंतांचं वेगळं खातं होतं, त्याला कलावंत कारखाना म्हणत. सयाजीराव महाराजांच्या काळात त्या खात्याचे नियम मराठीत छापले गेले. कुणाला किती पगार, कामावर केव्हा हजर राहायचं, रजा कशी मागायची, चुकल्यास दंड किती, हे सगळं त्यात होतं. गवयाला रजेचा अर्ज करावा लागणं आजच्या रसिकाला खुपेल. मला त्या नियमांत कलावंताविषयीचा आदर दिसतो. ज्याच्या रजेचे नियम असतात, तो मेहेरबानीवर जगत नसतो. त्या खात्याचा पैसा दरबारी होता, आणि दरबार संपला तेव्हा खातंही संपलं. पण पगाराची कल्पना आपल्याच मातीत होती, एवढं खरं.

आणि दरबाराविना ती चालवून दाखवणारा माणूसही आपल्यातलाच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, ते संस्थानिकांकडे हात न पसरता, फी, वर्गण्या आणि जाहीर मैफलींच्या उत्पन्नावर. १९०८ मध्ये ते मुंबईला आले. शाळा वाढली, विद्यार्थी राहायला आले, आणि मग पंडितजींनी मोठी इमारत बांधायला घेतली, कर्ज काढून. मैफलींमागून मैफली करून ते फेडत राहिले. फिटलं नाही. १९२४ च्या सुमारास इमारत सावकारांच्या हाती गेली. पंडितजी नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचं निधन झालं.

यापुढचा भाग माझ्या दृष्टीने खरा महत्त्वाचा. त्याच वर्षी, म्हणजे मंदी ऐन भरात असताना, त्यांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्यांच्याजवळ इमारत नव्हती. अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या आणि गावोगाव शिकवणारे गुरुबंधू होते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. इथे बसलेल्या किती जणींनी यांतली एखादी परीक्षा दिली असेल! त्या परीक्षेच्या लहानशा फीवर ते मंडळ गेली नव्वद वर्षं चालत आलं आहे. परीक्षापद्धतीने गाणं साचेबंद झालं, ही तक्रार मला ठाऊक आहे आणि तीत तथ्य आहे. तरी तालुक्याच्या गावातल्या संगीतशिक्षकाला दरमहा शिकवणीचे चार पैसे मिळण्यामागे या परीक्षांचा मोठा हात आहे, हेही तितकंच खरं. एका माणसाने जिवाचं रान करून उभी केलेली इमारत गेली आणि हजारो पालकांच्या फीवर उभी असलेली व्यवस्था राहिली.

आता आजच्या काळाकडे येतो.

आज आश्रयदाता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी येतो, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. कला, वारसा, पारंपरिक कारागिरी हे विषय त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत. म्हणजे दार उघडं आहे. पण या रचनेकडे नीट पाहा. नफा घटला की निधी घटतो. तीन वर्षांची सरासरी असल्यामुळे तो लगेच कोसळत नाही, हळूहळू उतरतो, आणि मंदी सरून बाजार वर आला तरी वाईट वर्षं सरासरीत राहतात, म्हणून निधी मागेच रेंगाळतो. ज्या वर्षी नाट्यगृह रिकामं असतं त्याच्या पुढच्या वर्षी देणाऱ्याचा हातही आखडलेला असतो. त्यातून संकट मोठं असेल तर आहे तो पैसाही दुसरीकडे वळतो. मार्च २०२० मध्ये करोनावरचा खर्च या निधीत धरला जाईल असं सरकारने जाहीर केलं. ते योग्यच होतं, माणसं मरत होती. पण कलेसाठी वेगळं काही राखलेलं नव्हतं, म्हणून तिच्या वाट्याला काही उरलं नाही.

त्या वर्षी गुढीपाडवा होता २५ मार्चला. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तोच दिवस. तमाशाच्या धंद्यात पाडव्याचं मोल काय, हे नारायणगावला गेल्याशिवाय कळत नाही. तिथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे पुढारी येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, जत्रेची तारीख सांगतात, फडमालक वही उघडून ती मोकळी आहे का पाहतो आणि सुपारी ठरते. चैत्र-वैशाखाच्या त्या महिना-दीड महिन्यावर फडाचं वर्षाचं गणित उभं असतं. कारण खर्च आधीच झालेला असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी कलावंतांना आणि मजुरांना उचल द्यावी लागते. ती द्यायला मालक व्याजाने पैसे काढतो आणि जत्रांच्या पैशातून फेडतो. पाडव्याला राहुट्या गुंडाळाव्या लागल्या, तेव्हा नाचणाऱ्या बाईच्या अंगावर उचल होती आणि मालकाच्या अंगावर सावकाराचं व्याज. पुढच्या वर्षीही चैत्र तसाच गेला. १९३० च्या नाटक कंपनीची आणि २०२० च्या फडाची अडचण एकच, नव्वद वर्षांनीही गंगाजळी सावकाराचीच.

शहरातल्या नाटकाची स्थिती वेगळी दिसते, पण आत डोकावलं की तीच. नट आणि मागचे कामगार यांना दर प्रयोगाला पैसे मिळतात, त्याला नाईट म्हणतात. प्रयोग नाही तर नाईट नाही. माझ्या ओळखीचा एक जण प्रकाशयोजना चालवतो. त्याच्याजवळ शाळकरी वही आहे. तिच्यात प्रत्येक नाटकाच्या खुणा त्याच्या अक्षरात आहेत. कुठल्या वाक्याला डावीकडचा दिवा किती उतरवायचा, अमुक नट संवाद लांबवतो तेव्हा किती थांबायचं, तमुक गावच्या नाट्यगृहात कुठला डिमर दगा देतो. बंदच्या काळात त्याने भाजीची गाडी लावली. नाट्यगृहं पुन्हा उघडली ती २२ ऑक्टोबर २०२१ ला, निम्म्या खुर्च्यांसह. तो परत आला, कारण त्याला या कामाशिवाय करमत नाही. त्याच्याबरोबरचे दोघे आले नाहीत. एकाला गोदामात कायमची नोकरी लागली. महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, म्हणाला. त्याला कोणत्या तोंडाने परत बोलवायचं?

त्या काळात मदत झाली नाही असं नाही. अनेकांनी मनापासून शिधा दिला. राज्य सरकारनेही कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. देणाऱ्या कुणालाही मी उणं लेखत नाही, भुकेल्या घरात तांदूळ पोचला हे मोठंच काम झालं. पण ५ हजारांत पुढचे सहा महिने कसे काढायचे ते ठरवता येत नाही. दरमहा २ हजार, वर्षभर नक्की, असं कुणी म्हटलं असतं तर गोदामाची नोकरी धरण्याआधी त्या मुलाने एकदा विचार केला असता. आयर्लंडने करोनानंतर तेच करून पाहिलं. २०२२ पासून तिथे २ हजार कलावंतांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो, अटीविना, असा प्रयोग सुरू झाला. निवड सोडतीने झाली. कोण मोठा, कोण होतकरू, हे कुणी ठरवलं नाही. श्रीमंत देशाचा प्रयोग म्हणून तो बाजूला ठेवता येईल. पण आपल्याला त्यातली रक्कम उचलायची नाही, रीत उचलायची आहे.

एक आक्षेप माझ्या मनातून जात नाही आणि तुमच्याही मनात असेल. शेतकरी कर्जाने पिचलेला असताना, शाळा सोडून मुलं कामाला लागत असताना तबलजीच्या पगाराची काळजी कशाला? याला उत्तर म्हणून कला म्हणजे आत्म्याचं अन्न वगैरे मी सांगणार नाही, भुकेल्या माणसापुढे ते बोलवत नाही. मी एवढंच म्हणेन की तबलजीही त्याच गावातला गरीब आहे. नाचणारी बाई, दिवा धरणारा, राहुटी ठोकणारा, झांज वाजवणारा हे सगळे मंदीत आधी बेकार होणाऱ्या लोकांतलेच आहेत. हॉपकिन्स यांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी कलेसाठी वेगळी तिजोरी मागितली नाही, बेकारांच्या यादीत कलावंतांचं नाव घातलं. रोजगार हमीची कल्पना या महाराष्ट्रानेच १९७० च्या दशकातल्या दुष्काळात देशाला दिली. काम मागणाऱ्याला काम, ही आपली रीत. त्या कामांत बंधारे आणि रस्ते होते. गावच्या शाळेत पंधरा दिवस लेझीम शिकवणं किंवा म्हाताऱ्या शाहिराकडून पोवाडे उतरवून घेणं हेही काम का धरू नये, हा प्रश्न मी धोरण करणाऱ्यांपुढे ठेवतो.

सरकार काय करील ते करील. या सभागृहात बसलेल्या आपल्याला काय करता येईल, हे जास्त सोपं आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी व्याख्यानमाला वर्गणीवर चालल्या, दुष्काळात चालल्या, प्लेगच्या काळातून तगल्या. वर्गणी मागायला दारोदार जाणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, आज पहिल्या रांगेतच आहेत.

माझी सूचना अशी. या गावातल्या पन्नास घरांनी महिन्याला ५०० रुपये काढावेत. वर्षाला ३ लाख होतात. ते महोत्सवाला द्यायचे नाहीत, सभागृहाच्या खुर्च्यांना द्यायचे नाहीत, आणि माझ्यासारख्या वक्त्याच्या मानधनाला तर मुळीच नाहीत. जून ते सप्टेंबर हे चार महिने नाटकाचे दौरे आणि जत्रा थंडावलेल्या असतात. त्या महिन्यांत तालुक्यातल्या दहा जणांना दरमहा साडेसात हजार द्यायचे. एखादा तबलजी, एखादी लावणी गाणारी, दशावतारातला कलावंत इकडे येऊन राहिला असेल तर तो, कपडेपट सांभाळणारा, कीर्तनात झांज धरणारा. बदल्यात त्यांनी आठवड्याला दोन दिवस शाळेत किंवा वाचनालयात शिकवायचं. फोटो काढायचा नाही, मंचावर बोलावून पाकीट द्यायचं नाही, पैसे महिन्याच्या पाच तारखेला खात्यात जमा व्हायचे. आणि ज्या वर्षी बाजार चांगला असेल त्या वर्षी व्यापारी मंडळींनी जास्तीचे घालावेत, ते मुदतठेवीत टाकावेत आणि मंदी येईपर्यंत त्यांना हात लावू नये.

हिशेबाची वही वाचनालयाच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे वर्गणी देणाऱ्याला आणि पगार घेणाऱ्याला ती कधीही उघडून पाहता येईल. पहिल्या सहा महिन्यांची माझी वर्गणी मी आज चिटणीसांकडे देऊन जातो आहे. उरलेल्या घरांची यादी करायला मंडळींनी सभा संपल्यावर थोडं थांबावं, अशी विनंती आहे.